दुधाच्या फेरीत नसलेलं नाव

मोरेसिस्टर पेशंटच्या अंगाला हात लावण्याआधी स्वतःची ओळख सांगायच्या. आता ओळख सगळ्याच सांगतात, पण यांची तऱ्हा निराळी होती. नवी बाई खाटेवर टेकली रे टेकली, की या तिच्यासमोर उभ्या राहायच्या आणि एका दमात म्हणायच्या, "मी सिस्टर मोरे. गाव खेडच्या पुढं, वाडी बौद्धवाडी. आता हात दे बघू, बीपी घेऊ." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला ट्रे पडायचाच बाकी होता. नोकरीला लागून मला चार दिवस झाले होते. मी गिरगावातल्या चाळीतून लग्न होऊन वाशीत आलेली, आडनाव लिमये. मला आयुष्यात कुणी वाडी विचारली नव्हती.

मग एकदा धीर करून मीच त्यांना विचारलं, की हे असं सांगायची काय गरज आहे? त्या हसल्या. म्हणाल्या, लोक आधी आडनाव विचारतात. मोरे सगळ्यांतच असतात, म्हणून त्यांचं समाधान होत नाही. मग गाव विचारतात. गावानंही भागलं नाही की वाडी. "तीन सवालांत माणूस धरतात गो. मी त्यांचे तिन्ही सवाल वाचवते." आधीच्या इस्पितळात त्या काही सांगत नसत. तिथं एका बाईची त्यांनी आठ दिवस सेवा केली, तिला भरवलंसुद्धा. नवव्या दिवशी कुणीतरी तिच्या कानाला लागलं आणि त्या बाईनं पेजेची वाटी बाजूला सारली. मोरेसिस्टरना वाटीचं काही वाटलं नाही. त्या बाईनं आपण फसवले गेलो अशा नजरेनं पाहिलं, ते मात्र लागलं. तेव्हापासून कानाला खडा. अंगाला हात लावायचा तर सांगून लावायचा.

ती वर्षं मला अर्धवट झोपेत बघितल्यासारखी आठवतात. सत्तरचं दशक सरत आलं होतं. खाडीवरचा पूल नवा होता आणि पुलाच्या अलीकडं शहर व्हायचं चाललं होतं. रस्ते आधी आले होते, घरं मागून येणार होती. बसथांब्यावर सेक्टरचा आकडा लिहिलेला असायचा आणि पाठीमागं सेक्टरच नसायचा, नुसतं कमरेएवढं गवत. आमचं प्रसूतिगृह म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या चार जागा एकत्र करून मांडलेल्या वीस खाटा. एक समिती ते चालवायची. सकाळी खाडीवरून धुकं उठायचं ते थेट वॉर्डात यायचं, आणि पांढऱ्या मच्छरदाण्या कुठं संपतात नि धुकं कुठं सुरू होतं ते कळायचं नाही. दुपारी ओहोटीच्या चिखलाचा वास यायचा. बाळंतिणी झोपलेल्या, पोरं झोपलेली, पडदे हळूच फुगायचे आणि बसायचे, आणि आपण जाग्या आहोत की नाही याचा आपल्यालाच पत्ता नसायचा.

अशा दुपारी मोरेसिस्टर लेबर रूममध्ये असायच्या. उंच, काटक, रंगानं काळ्यासावळ्या, वय चाळिशीच्या अलीकडंपलीकडं. सुया उकळायच्या भांड्याच्या झाकणावर त्या आधी दोन्ही तळवे शेकून घ्यायच्या आणि मग बाईच्या पोटावर ठेवायच्या. गार हात लावला की पोर दचकतं म्हणे. हात ठेवला की डोळे मिटायच्या आणि शब्द नसलेलं काहीतरी गुणगुणायच्या. मिनिटभर सगळी खोली थांबायची. मग म्हणायच्या, "डावीकडं तोंड करून पडलंय. रुसलंय. संध्याकाळपर्यंत राग जाईल." कळांनी पिळवटलेली बाईसुद्धा हसायची. आणि खरंच संध्याकाळपर्यंत पोर बाहेर यायचं. डॉक्टरीणबाई दादरहून यायच्या, त्यांना पुलावर उशीर झाला तरी आम्ही निर्धास्त असायचो.

त्यांची आजी गावची सुईण होती. तिच्या गोष्टी त्या बाळाची दुपटी घड्या करता करता सांगायच्या. वरच्या आळीतून बोलावणं आलं की आजी मागच्या दारानं आत जायची. बाळंतपण करायची, नाळ कापायची, पोराच्या तोंडातला चिकटा काढून त्याला रडवायची. ते झालं की तिला अंगणात यायला सांगायचे. मग घरच्या बायका बाळंतिणीला न्हाऊ घालायच्या, आजीचा विटाळ जावा म्हणून जमीन सारवायच्या. तांदूळ आणि नारळ आजीच्या पदरात लांबून पडायचा. पाचवीला तिला घरात घेत नसत. "ज्या पोराला पयला हात तिचा, त्या पोराला परत हात लावायची सोय नाही," मोरेसिस्टर म्हणायच्या, "पोर चालायला लागलं की तिलाच लांब हो म्हणून ओरडायचं. आजी घरी येऊन हसायची. म्हणायची, बघा, फुप्फुसं मी चांगली केली त्याची." मला हसावं की रडावं ते कळायचं नाही. त्या मात्र घडी नीट झाली का तेवढंच बघायच्या.

अशाच एका दुपारी त्यांनी मला त्यांच्या मनातलं सांगितलं. आमच्या वॉर्डाच्या पुढच्या दाराशी इन-चार्ज सिस्टरची खुर्ची आणि टेबल होतं. जुन्या इन-चार्ज वर्षभरात जाणार होत्या. मोरेसिस्टर म्हणाल्या, "आजी जन्मभर मागल्या दारानं शिरली. मला एकदा पुढल्या दारात खुर्ची टाकून बसायचं हाय. येणारी प्रत्येक बाई माझ्यापुढनं आत जाईल." एरवी त्या आमच्याशी अगदी शाळेतलं मराठी बोलायच्या. मनातलं बोलताना त्यांच्या तोंडून 'हाय' यायचं.

नोकरीची वर्षं त्यांची सर्वांत जास्त होती. हुशारीबद्दल वादच नव्हता. जागा त्यांचीच होती. ती गेली कशी, ते आता सांगते, कारण ती घालवली मी.

माझं अक्षर चांगलं म्हणून मेट्रनबाईंनी ड्युटीची वही माझ्याकडं दिली होती. दर आठवड्याला कुणी काय करायचं ते मी लिहायचे. लेबर रूम, ड्रेसिंग, इंजेक्शनं, आणि दुधाची फेरी. दुधाची फेरी म्हणजे दुपारी चारला किटली घेऊन वॉर्डभर फिरायचं, बाळंतिणींना दूध आणि प्यायचं गरम पाणी द्यायचं, कुणी काय खाल्लं, कुणाला काय होतंय ते विचारायचं. फेरी करणारीच त्या दिवशीचा वॉर्डाचा रिपोर्ट लिहायची. काम सोपं, पण वॉर्ड त्यातूनच कळायचा.

एकदा एका कारकुनाची सासू मेट्रनबाईंकडं आली. तिची मुलगी मोरेसिस्टरच्या हाताखालीच बाळंत झाली होती, तक्रार काहीच नव्हती. फक्त दूध-पाणी जरा दुसऱ्या सिस्टरकडून पाठवाल का, एवढंच विचारायला आली होती. आठवड्यात आणखी एक आली. मग तिसरी. मेट्रनबाई वाईट नव्हत्या, भित्र्या होत्या. मला बोलावून म्हणाल्या, कटकट नको, तू बघ काय ते. कसली कटकट, ते त्याही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. मोरेसिस्टरना मी गोष्ट कशीबशी कानावर घातली, तर त्या हसून म्हणाल्या, "कळा येतात तेव्हा जात पोटात जाते. कळा थांबल्या की वर येते. व्हायचंच ते." आणि कामाला लागल्या.

मी घरी येऊन रात्रभर विचार केला, आणि मला वाटलं, या बाईला रोज चार वाजता अपमान कशाला? पुढच्या सोमवारी मी वहीत त्यांचं नाव लेबर रूमपुढं लिहिलं. त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच. दुधाच्या फेरीत बाकी सगळ्यांची नावं पाळीनं फिरत राहिली, मोरे नाव काही तिकडं आलं नाही. तक्रारी थांबल्या. मेट्रनबाई म्हणाल्या, सुंठीवाचून खोकला गेला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. किती हळुवारपणे निभावलं आपण! तेवीस वर्षांची होते मी. एवढंच माझ्या बाजूनं सांगण्यासारखं आहे, आणि तेही फारसं नाही.

सात महिने असे गेले. मग जुन्या इन-चार्ज गेल्या आणि जागेसाठी समितीनं मुलाखती ठेवल्या. अर्ज दोनच, मोरेसिस्टरचा आणि माझा. माझा तोंडदेखला, मेट्रनबाईंनी भर म्हणून करायला लावलेला. जागा मला नकोच होती असं मात्र मी म्हणणार नाही. नवीन घर होतं, हप्ते होते, आणि खुर्ची कुणाला वाईट दिसते?

मोरेसिस्टरची मुलाखत झाली आणि मला आत बोलावलं. टेबलावर माझीच वही उघडी होती. समितीचे अध्यक्ष सज्जन गृहस्थ. पानं उलटत ते म्हणाले, मोरेबाईंची सात महिन्यांत एकही फेरी दिसत नाही, एकही रिपोर्ट नाही. वॉर्डाचा अनुभवच नाही म्हणायचा. मग चष्मा वर करून त्यांनी मला अगदी मायेनं विचारलं, "असं का हो?"

खिडकीतून मिठागरं दिसत होती. उन्हात पांढरी, डोळे दुखतील इतकी. मला वाटलं आपण कुठंतरी लांबून हे सगळं बघतोय. बायका त्यांच्या हातचं पाणी घेत नाहीत म्हणून मी त्यांचं नाव लिहिलं नाही. एवढं एक वाक्य होतं. ते जिभेवर आलं, आणि समितीशेजारी बसलेल्या मेट्रनबाई माझ्याकडं बघत होत्या, आणि मी म्हणाले, "मोरेसिस्टर लेबर रूममध्ये फार निष्णात आहेत. त्यांच्याशिवाय लेबर रूम चालायची नाही."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. समितीनं मान डोलावली. मग तिथंच राहू देत त्यांना, कुणीतरी म्हणालं. मी त्यांची स्तुती करून त्यांना बुडवलं आणि आठ दिवसांनी जागेची ऑर्डर माझ्या नावानं आली.

त्या दिवशी मोरेसिस्टर कपड्यांच्या खोलीत आल्या. हातात वही होती. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं, पण त्यांनी आधी दार लोटलं, स्टुलावर बसल्या आणि एकेक पान मला दाखवलं. सगळ्यांची नावं फिरतायत, माझंच का फिरत नाही, असं विचारलं. मी म्हणाले, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून. कुणी सांगितलं होतं का तसं लिहायला? कुणीच सांगितलं नव्हतं, तेच तर.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "तोंडावर नको म्हणणारीला मी तोंडावर उत्तर देते. पंधरा वर्षं देत आलेय, मला सवय हाय. ह्या वहीला काय उत्तर देऊ? तू मला नाही वाचवलंस गो. त्यांना वाचवलंस."

मी रडायला लागले. त्यांनी मला दुपटं दिलं डोळे पुसायला, आणि स्वतः मात्र रडल्या नाहीत. मला अजून वाटतं, रडायचा हक्क त्यांचा होता आणि तोही मी आधी वापरून टाकला.

इन-चार्ज म्हणून पहिल्या सोमवारी मी वहीत आठवडाभर दुधाच्या फेरीपुढं 'मोरे, मोरे, मोरे' लिहिलं. त्यांनी वही बघितली आणि पेन्सिलीनं पाच दिवस खोडले. "रोज कशाला? पाळीनं. सगळ्यांसारखं." प्रायश्चित्तसुद्धा मला धड करता आलं नाही.

त्यांची पहिली फेरी मला तशीच्या तशी दिसते. चार वाजलेले, ऊन तिरकं होऊन खाटांच्या पायांशी आलेलं, किटलीच्या तोटीतून वाफ. पहिल्या खाटेपासून त्यांनी सुरुवात केली, नाव, गाव, वाडी, मग दूध. तिसऱ्या खाटेशी एका बाळंतिणीच्या सासूनं पेल्यावर तळहात ठेवला. मोरेसिस्टर किटली धरून उभ्या राहिल्या. पुढच्या खाटेकडं वळल्याच नाहीत. मी दाराशी बसले होते. उठावं, काहीतरी सावरून घ्यावं असं पायांत आलं होतं, पण यावेळी मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसून राहिले.

सगळा वॉर्ड बघत होता. पंखा फिरत होता. म्हातारी खिडकीबाहेर बघत होती. शेवटी चौथ्या खाटेवरची वाशीगावची आगरीण कंटाळून म्हणाली, "आजे, तुज्या एकटीपायी आमचा सगल्यांचा दूध निवला."

कुणीतरी फिसकन हसलं. म्हातारीच्या सुनेनं, विशीतलीच असेल ती पोर, सासूचा हात मनगटाशी धरून पेल्यावरून अलगद उचलला आणि तिच्याच मांडीवर ठेवला. पेला पुढं केला. मोरेसिस्टरनी दूध ओतलं, "सावकाश पी, गरम हाय" म्हणाल्या आणि चौथ्या खाटेकडं गेल्या. झालं. एवढंच. म्हणजे सात महिने मी त्या एका तळहाताला घाबरून होते, आणि तो उचलायला त्या सुनेला एक क्षण लागला होता. सगळ्याच बायकांनी घेतलं असं नाही. पुढंही काही जणींनी पेले पालथे घातले, एकीनं नाव कापून घेऊन दुसरं इस्पितळ गाठलं. पण ज्यांना नको होतं त्यांना ते तिथं, सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागलं, आणि बहुतेकींना ते जमलं नाही.

पुढची अडीच वर्षं आम्ही बरोबर काम केलं. त्यांनी मला वॉर्ड शिकवला, हेही सांगायला हवं. खुर्चीत मी बसायचे आणि अडलं की त्यांना विचारायचे, आणि त्या हातचं काही न राखता सांगायच्या. माझ्या मुलीच्या वेळी मला कळा सुरू झाल्या तेव्हा पोटावर त्यांचेच शेकलेले हात होते. मी त्यांची किती वेळा माफी मागायची ठरवली, त्याला गणती नाही. दर वेळी काहीतरी आड यायचं. कधी पेशंट यायची, कधी नुसता संकोच.

मग तुर्भ्याच्या कारखान्यांकडं कामगारांच्या बायकांसाठी एक दवाखाना निघाला आणि तिथं त्यांना मुख्य सिस्टर म्हणून बोलावलं. आम्ही निरोपाचा कार्यक्रम केला. वॉर्डाच्या व्हरांड्यात सतरंज्या, चिवडा, पेढे, साडी-नारळ. अध्यक्ष त्यांच्या हातगुणावर बोलले. मेट्रनबाई बोलल्या. माझी पाळी आली तेव्हा मी लिहून आणलेला कागद घडी करून ठेवला आणि म्हणाले, इन-चार्जची जागा मोरेसिस्टरची होती. बायका त्यांच्या हातचं दूध घेणार नाहीत या भीतीनं मी सात महिने त्यांचं नाव फेरीत लिहिलं नाही, म्हणून त्यांना अनुभव नाही असं ठरलं. मुलाखतीत मला विचारलं तेव्हा मी हे सांगितलं नाही. मी गप्प बसले आणि जागा मला मिळाली.

चिवडा चावायचे आवाज थांबले. मेट्रनबाई ताटलीत बघत राहिल्या. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मला मात्र एकदम हलकं वाटलं. खरं सांगायचं तर अभिमानच वाटला स्वतःचा.

मी त्यांना थांब्यापर्यंत सोडायला गेले. संध्याकाळ होत होती, खाडीकडून धूसर हवा यायला लागली होती आणि पलीकडचं गवत त्यात विरत चाललं होतं. त्यांनी साडीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मी वाट बघत होते, त्या माझ्या पाठीवरून हात फिरवतील अशी.

"बोललीस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवाही नव्हता. "पण शैला, तू माझ्या निरोपाला बोललीस. त्या दिवशी आत बोलली असतीस, तर निरोप द्यायची वेळच आली नसती."

तेवढ्यात बस आली. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या, मला हात केला. 'चुकलं माझं' म्हणायला मी तोंड उघडलं, तेव्हा बस वळणाच्या पुढं गेली होती.